दादा, ते 'पंचवीस' आयुष्यभर लक्षात राहील

दादा,
समोर थँक्यू म्हटलं की तू विषय चहावर नेतोस, म्हणून इथे सगळ्यांदेखत लिहितोय, आता पळून दाखव.

त्या रात्री पाण्याच्या मीटरने मला रडकुंडीला आणलं होतं. डब्यावर सरळ १२३४ दिसतंय, तेच रीडिंग बेस६४ मधून (बाइट साध्या अक्षरांत गुंडाळायची पद्धत) सर्व्हरवर येतंय, पायथन भाषेत डिकोड केलं, म्हणजे उलगडलं, तर १२३४च, पण जावात उणे ७७,१४,८९,७९२ आणि जावास्क्रिप्टमध्ये ३,५२,३४,७७,५०४! मी बेस६४ ला शिव्या घालत लायब्रऱ्या बदलत बसलेलो.

तू फोनवर म्हणालास, आकडे सोड, बाइट वाच. डी२, ०४, ००, ००, सोळाच्या पटीतली लिखावट, म्हणजे २१०, ४, ०, ० (१२३४ म्हणजे ४ गुणिले २५६ अधिक २१०). तिन्हीकडे तेच चार. म्हणजे बेस६४ बिचारं निर्दोष, ते नुसतं पाकीट, आतलं कुठल्या टोकाकडून वाचायचं ते त्याला काय माहीत. मग तू विचारलंस, "पंचवीस म्हण बघू. आधी पाच आलं की वीस? आणि लिहिताना?" मी गप्पच. मीटर आपण बोलतो तसा, लहान आधी पाठवतो, हेच ते लिटल एंडियन, आणि जावाचं बाइटबफर, जावास्क्रिप्टचं डेटाव्ह्यू ही बाइट वाचायची दोन्ही साधनं वेगळं सांगितलं नाही तर लिहिल्यासारखं मोठं आधी धरतात. त्यात जावाचा इंट (३२ बिटांचा पूर्णांक) सगळ्यात वरचा बिट १ दिसला की उणे. पायथनमध्ये बरोबर आलं कारण कॉपी-पेस्ट केलेल्या ओळीत 'लिटल' आधीच होतं, माझी हुशारी शून्य. बाइटबफरची ऑर्डर बदलली, डेटाव्ह्यूला दुसरं आर्ग्युमेंट ट्रू दिलं, सुटलं.

तरी एका जुन्या फाइलमध्ये मी जावात हातानेच बाइटची बेरीज करत होतो, तिथे ९७८ आलं. तू लगेच, "बरोबर २५६ ने कमी ना? मग एक बाइट उणे धरला गेलाय." जावाचा बाइट −१२८ ते १२७, त्यामुळे डी२ म्हणजे २१० चा तिथे −४६ होतो. २५५ शी अँड केलं, म्हणजे फक्त खालचे आठ बिट ठेवले, आलं १२३४. हे तू झोपेत सांगितलंस रे, जांभई ऐकू येत होती!

आणि ऐक, परवा एक मोडबसवाला (यंत्रांची आपसात बोलायची एक पद्धत) मीटर आला, १६ बिटांच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे दोन बाइटांच्या कप्प्यात, मोठा बाइट आधी पण दोन रजिस्टरांत लहान आधी, म्हणजे 'एकशे पंचवीस'सारखीच सरमिसळ, फक्त उलटी: तिथे शंभर आधी, मग पाच, मग वीस. तुला फोन न करता सोडवला. चहा माझ्याकडून, क्रीमरोलसकट.