नव्या भुंगेऱ्याचे नाव छापता, त्याचे शरीरही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘नवी प्रजाती सापडली’ अशा बातम्या आपल्या दैनिकात अलीकडे बऱ्याचदा दिसतात. किडामुंगीसाठी वर्तमानपत्रात जागा निघते, याचा मला मनापासून आनंद आहे. निवृत्तीपूर्वी अनेक वर्षे मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे अशी बातमी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. पण जे शोधत असतो तेच तिच्यात नसते. कीटक कुठल्या जंगलात सापडला, नाव कोणाच्या सन्मानार्थ दिले, संशोधक कोण, हे सगळे असते. त्या जिवाचे शरीर कसे आहे आणि आधीच्या प्रजातींपेक्षा ते नेमके कुठे वेगळे आहे, याबद्दल एक वाक्यही नसते. मग ‘ही नवी कशावरून?’ असे एखाद्या मुलाने विचारले, तर बातमी वाचूनही त्याला उत्तर देता येत नाही.

2019 साली जगभर गाजलेला एक भुंगेरा उदाहरणासाठी घेतो. स्वीडनची हवामान-कार्यकर्ती ग्रेटा थनबर्ग हिचे नाव त्याला दिले गेले, म्हणून तो सर्वांपर्यंत पोचला. ‘नेलोप्टोडेस ग्रेटी’ हे त्याचे नाव. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमशी संलग्न असलेले मायकेल डार्बी यांनी त्याचे वर्णन केले. बहुतेक ठिकाणी बातमी इथेच संपली. वास्तविक हा भुंगेरा 2019 मध्ये कोणाला जंगलात दिसला नव्हता. विल्यम ब्लॉक यांनी 1964-65 मध्ये केनियात माती आणि पालापाचोळ्याचे नमुने गोळा केले, 1978 मध्ये ते संग्रहालयाला दिले, आणि त्या नमुन्यांत हा कीटक पडून होता. म्हणजे जो ‘शोध’ आपण म्हणतो, तो सूक्ष्मदर्शकाखाली लागला. मातीतून तो हाती आला तेव्हा तो नुसता एक नमुना होता. प्रजाती ठरायला पन्नासहून अधिक वर्षे गेली, कारण त्याचे शरीर वाचणारा माणूस तोवर त्याच्यापर्यंत पोचला नव्हता.

ते शरीर आहे तरी कसे? लांबी 0.79 मिलिमीटर, मोहरीच्या दाण्याहूनही कमी. रंग फिकट पिवळा, सोनेरी छटेचा. डोळे नाहीत. पंख नाहीत. डोळे जिथे असायला हवेत त्या दोन जागांच्या मध्ये एक बारीकसा खळगा आहे. शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, चांगल्या लांब आहेत.

‘डोळे आणि पंख नसलेला अजब कीटक’ हा मथळा मोहात पाडणारा आहे, पण प्रजातीची ओळख तेवढ्याने होत नाही. हा भुंगेरा ज्या कुलातला आहे, त्या टिलिइडी (Ptiliidae) कुलात डोळे आणि पंख गमावलेले कीटक इतरही आहेत. काही प्रजातींत तर दोन्ही रूपे आढळतात: एक डोळस आणि पंखवाले, दुसरे आंधळे आणि बिनपंखाचे. मातीच्या फटीत अंधारात जगणाऱ्याला दोन्हींचा उपयोग थोडाच. त्यामुळे तज्ज्ञाला पुढे जाऊन पाहावे लागते. डोक्यावरचा खळगा कुठे आहे, शृंगिकेच्या कोणत्या खंडाची लांबी किती, छातीच्या वरच्या ढालीचा आकार कसा, खालच्या बाजूला पायांच्या बुंध्याशी असलेल्या पट्ट्या एकमेकींपासून किती दूर आहेत. आणि या कुलात सर्वांत भरवशाची खूण बाहेरून दिसतच नाही. मादीच्या पोटात शुक्राणू साठवून ठेवणारी एक कडक कवचाची इवलीशी पिशवी असते. तिचा आकार प्रजातीगणिक बदलतो. ती पाहायची तर एक मिलिमीटरसुद्धा न भरणारा कीटक रसायनात भिजवून पारदर्शक करावा लागतो, सुईने उघडावा लागतो, काचपट्टीवर बसवावा लागतो. हे करणाऱ्याचा हात आणि नजर किती तयार असेल याचा विचार केला की मला भरून येते.

याच कुलातले पंखवाले कीटक पाहिले तर आणखी नवल वाटते. त्यांचा पंख म्हणजे एक बारीक दांडी आणि तिच्या कडेने लांब केसांची झालर. एवढ्या लहान शरीराला हवेचा चिकटपणा जाणवतो, आणि तिथे असा हलका केसाळ पंख पुरतो. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असलेल्या ‘पॅराट्युपोसा’ या भुंगेऱ्याचे उड्डाण अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपून संशोधकांनी 2022 साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की त्याचे पंख हवेत इंग्रजी आठचा आकडा काढतात, आणि वरचे कडक पंख उघडमीट करून शरीराचा तोल सावरतात. कडक पंख म्हणजे नुसते चिलखत, असे आम्ही वर्गात सांगत असू. ते उडण्याच्या कामातही भागीदार आहेत. असा तपशील दहावीच्या मुलाला कळणार नाही असे समजण्याचे कारण नाही.

शरीराचे वर्णन ही हौशी लोकांसाठीची पुरवणी आहे, असा समज दिसतो. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता याच्या नेमके उलट सांगते. 1930 नंतर दिलेले कोणतेही नाव ग्राह्य धरायचे तर त्यासोबत ती प्रजाती इतरांपासून वेगळी ठरवणारी लक्षणे शब्दांत दिलेली असावी लागतात, किंवा पूर्वी छापलेल्या अशा वर्णनाचा हवाला द्यावा लागतो. 1999 नंतरच्या प्रजातींसाठी एक प्रमाण-नमुना, म्हणजे त्या नावाचा आधार म्हणून जपायचा नमुना, ठरवावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला हेही सांगावे लागते. वर्णनाशिवाय दिलेले नाव शास्त्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. आपली बातमी मात्र नाव ठेवते आणि वर्णन गाळते.

कधी कधी तर शरीर हीच बातमी असते. 2017 साली कोस्टारिकातून ‘निम्फिस्टर क्रोनाउएरी’ या दीड मिलिमीटरच्या भुंगेऱ्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. तिथल्या लष्करी मुंग्या ठराविक काळाने रात्री मुक्काम हलवतात. हा भुंगेरा चालत त्यांच्या मागे जात नाही. तो मुंगीच्या बारीक कमरेच्या दोन गाठींमध्ये आपले जबडे रोवतो आणि लटकून प्रवास करतो. त्याच्या पाठीचा गोलवा, रंग, चकाकी मुंगीच्या पोटासारखीच असल्याने वरून पाहताना त्या मुंगीला दोन पोटे असल्यासारखे दिसते. संशोधकांच्याही लक्षात तो असाच आला. या बातमीतून जबडा आणि पाठ वगळली तर मागे काय राहते?

आपल्याकडे शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात हुमणीने, म्हणजे मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीने, उसाची बेटे वाळतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, ही हुमणी कोणती? नदीकाठची ल्युकोफोलिस की माळावरची होलोट्रिकिया? दोन्हींच्या अळ्या पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’च्या आकाराच्या, वरवर पाहता एकसारख्या. कीटकशास्त्रज्ञ अळी उलटी करून शेवटच्या खंडाच्या खालच्या बाजूचे केस पाहतो: ते कसे मांडलेले आहेत, गुदद्वाराची चीर कशा आकाराची आहे. त्यावरून प्रजाती ठरते, आणि तिच्यावरून भुंगेरे जमिनीतून कधी वर येणार, कोणत्या वेळी काय उपाय करायचा हे ठरते. वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर भुंगेरे गोळा करणाऱ्या माणसाला शरीराच्या खुणांचे महत्त्व अनुभवाने माहीत असते. त्याच्यापुढे ‘हे फार तांत्रिक होईल’ म्हणून माहिती झाकून ठेवणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

म्हणून माझी विनंती आहे. सह्याद्रीतून किंवा ईशान्य भारतातून नव्या भुंगेऱ्याची बातमी आली की वार्ताहराने संशोधकाला तीन प्रश्न अवश्य विचारावेत. याच्या सर्वांत जवळची प्रजाती कोणती? शरीराच्या कोणत्या भागावरून हा तिच्यापासून वेगळा ठरला? प्रमाण-नमुना कुठे ठेवला आहे? उत्तरे चार-पाच ओळींत मावतात. जंगलातल्या धबधब्याच्या छायाचित्राऐवजी शोधनिबंधातले एखादे रेखाचित्र संशोधकाच्या परवानगीने छापावे, भागांची नावे मराठीत द्यावीत आणि शेजारी मिलिमीटरची मोजपट्टी असावी. जननेंद्रियांच्या रचनेचा उल्लेख करायला संकोचू नये. भुंगेऱ्यांच्या सुमारे 4 लाख ज्ञात प्रजाती आहेत, आणि त्यातल्या कित्येक एकमेकींपासून केवळ नराच्या किंवा मादीच्या त्या अवयवावरूनच ओळखता येतात. जीवशास्त्राच्या पुस्तकात हे शब्द मुले वाचतातच.

पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा जुना संग्रह आहे. टाचणीला टोचलेले, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या लावलेले कीटक तिथे ठेवलेले असतात. आपला एखादा वार्ताहर तिथे पाठवावा. एका प्रजातीचे वर्णन पहिल्या टाचणीपासून छापील निबंधापर्यंत कसे तयार होते, यावर रविवारच्या पुरवणीचे एक पान द्यावे. आकृत्यांच्या भागांची मराठी नावे तपासून देण्याचे काम मी आणि माझे काही जुने सहकारी आनंदाने, विनामोबदला करू.

आपला,
एक निवृत्त प्राणिशास्त्र प्राध्यापक
सांगली