स्ट्रिपवरचा एक मिलिमीटर: सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय: ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपची खरेदी, लॉटनिहाय तपासणी आणि सेन्सर छापण्याची राज्यातली सामायिक सोय

मा. मंत्री महोदय,

गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचे, दोन तासांनी साखर मोजायची आणि आकडा १४० किंवा त्याच्या वर आला तर गरोदरपणातला मधुमेह धरायचा, अशी केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतली पद्धत आहे. उपाशीपोटी येण्याची अट नाही, प्लाझ्माच्या (रक्तातल्या पेशी वगळून उरणाऱ्या द्रवाच्या) मापाला जुळवलेला ग्लुकोमीटर चालतो. उपकेंद्राला झेपेल अशी ही पद्धत आहे आणि तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती मीटरमध्ये सरकवायच्या स्ट्रिपबद्दल, आणि सरकारी केंद्रांसाठी ती कोणत्या अटींवर घ्यायची हे आपले खाते ठरवू शकते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना ॲनिमिया आढळला. साधी स्ट्रिप नेमकी अशाच रक्तात चुकते, आणि चुकते ती वरच्या बाजूला. ग्लुकोज स्ट्रिपवरच्या इलेक्ट्रोडपर्यंत (जिथून करंट मोजतात त्या छापील भागापर्यंत) पोचते ते प्लाझ्मातून; तांबड्या पेशी त्याच्या वाटेत गर्दी करतात. स्ट्रिपची आकडेमोड साधारण ४२ टक्के हेमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) धरून बसवलेली असते. पेशी कमी झाल्या की वाट मोकळी होते, करंट वाढतो आणि मीटर तो करंट जास्त साखर म्हणून वाचतो. हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईचा हेमॅटोक्रिट २१ च्या आसपास असतो. तिथे दुरुस्तीची सोय नसलेली स्ट्रिप १५ टक्के वर दाखवते असे धरा: खरी साखर १२५, पडद्यावर १४४. मधुमेह नसताना तिच्या कार्डावर मधुमेह लागला. पुढे दोन आठवडे आहार सांभाळायचा आणि जेवणानंतर दोन तासांनी आकडा १२० किंवा वर राहिला तर औषध किंवा इन्सुलिन. तो आकडाही अशाच स्ट्रिपचा असेल, तर खऱ्या १०५ चे १२१ होतात आणि इन्सुलिनची गरज नसलेल्या बाईला इन्सुलिन सुरू होते. नवजात बाळाचे उलट आहे. त्याचा हेमॅटोक्रिट ५५-६० असतो, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

यावर उपाय नाही असे मुळीच नाही. चांगल्या स्ट्रिपवर जादा इलेक्ट्रोड छापलेले असतात. मीटर आधी त्यांच्यातून उलटसुलट प्रवाह सोडून रक्ताचा विद्युतरोध मोजतो, त्यावरून हेमॅटोक्रिट ओळखतो आणि मग साखरेचा आकडा सुधारतो. निविदेत हे मागितलेले नसेल तर ते नसलेली स्ट्रिप स्वस्त पडते आणि तीच पहिली येते.

‘आयएसओ १५१९७ प्रमाणित’ असे निविदेत लिहून हा प्रश्न सुटत नाही. ग्लुकोमीटरसाठीच्या २०१३ च्या त्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार साखर १०० च्या खाली असेल तेव्हा ९५ टक्के आकडे खऱ्या मूल्याच्या १५ अंकांच्या आत आणि १०० पासून वर १५ टक्क्यांच्या आत यावे लागतात, तेही तीन वेगवेगळ्या लॉटमध्ये (एका खेपेत बनलेल्या स्ट्रिपचा गट म्हणजे लॉट). पण हेमॅटोक्रिटची परीक्षा उत्पादकाने स्वतः जाहीर केलेल्या मर्यादेतच होते. त्याने ‘३० ते ५५’ असे छापले असेल तर २१ वाल्या बाईबद्दल प्रमाणपत्र गप्प आहे, आणि ते रीतसरच आहे. ही मर्यादा आतल्या घडीपत्रिकेत बारीक अक्षरात असते. उपकेंद्रावर ती कोण वाचणार?

आता स्ट्रिप बनते कशी ते सांगतो, कारण निविदा आणि संशोधन या दोन्हींतली मेख तिथेच आहे. ही छपाई आहे. तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका छापणारा कारागीर जाळी, शाई आणि रबराची स्क्वीजी घेऊन करतो तेच काम, फक्त शाई कार्बनची आणि चांदीची, आणि कागदाच्या जागी पॉलिएस्टरची फिल्म. लग्नपत्रिकेवर गणपती अर्धा मिलिमीटर सरकला तर कोणाच्या लक्षात येत नाही. इथे येते.

फिल्म तापली की आकसते. शाई सुकवायला ८० ते १३० अंशांची भट्टी लागते. न भाजलेली ३०० मिलिमीटरची फिल्म पहिल्या फेरीत ०.३ टक्के आकसली, तर दुसऱ्या थराच्या वेळी कडेची चित्रे ०.९ मिलिमीटर सरकलेली असतात, आणि काम करणारा इलेक्ट्रोडच मुळात एक मिलिमीटरचा. म्हणून फिल्म आधी छपाईपेक्षा जास्त तापमानाला भाजून, आकसवून घ्यावी लागते. घाईत गाळली जाते ती हीच पायरी. त्यावर चांदीच्या वाहिन्या, मग कार्बन, मग संदर्भ इलेक्ट्रोडसाठी चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडची शाई, आणि शेवटी वीज न वाहू देणारा रोधक थर. या रोधक थरातली खिडकी इलेक्ट्रोडचे उघडे क्षेत्रफळ ठरवते. खिडकी १ बाय १ मिलिमीटरची हवी असताना थर चारही कडांनी जेमतेम २५ मायक्रॉन आत पसरला, तर ०.९५ बाय ०.९५ म्हणजे ०.९० चौरस मिलिमीटर उरते. करंट क्षेत्रफळाच्या प्रमाणात येतो. मानकाने दिलेल्या १५ टक्क्यांतले जवळपास १० टक्के एका ओघळलेल्या कडेने खाल्ले.

शाईचेही तसेच. जाळीवर पडून राहिली की द्रावक उडतो, शाई घट्ट होते, आणि सकाळची पहिली शीट व दुपारची पाचशेवी शीट यांच्या थराची जाडी वेगळी येते. खोलीचे तापमान सांभाळले नाही तर मे महिन्यात हे तासाभरात घडते. स्क्वीजीची धार बोथट झाली, जाळीचा ताण सैल पडला, तरी परिणाम तोच. मग ग्लुकोजवर क्रिया करणारे एन्झाइम. ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा एफएडी या सहघटकावर चालणारे डिहायड्रोजिनेज, सोबत एन्झाइमकडून इलेक्ट्रोडकडे इलेक्ट्रॉन नेणारा फेरिसायनाइडसारखा मध्यस्थ, आणि हे मिश्रण मायक्रोलिटरच्या हिशेबात प्रत्येक खिडकीवर सोडायचे. थेंब नीट सुकला नाही तर सांडलेल्या चहाच्या डागासारखी कडेला जाड, मध्ये विरळ अशी कडी उमटते. त्यावर चिकट स्पेसर आणि पाणी ओढून घेणारी वरची फिल्म. स्पेसरचा गोंद काही महिन्यांनी आत ओघळला तर रक्त नळीत हळू भरते आणि मीटर एरर दाखवतो. सगळ्यात जपावे लागते ते ओलीपासून. ओल लागली की फेरिसायनाइडचे काही प्रमाणात फेरोसायनाइड होते, आणि रक्त नसतानाही करंट वाहू लागतो. आकडा खोटा वाढतो. एन्झाइम मेले तर उलट, खोटा घटतो. म्हणून कापणी आणि बाटलीबंदी कोरड्या खोलीत, आणि बाटलीत ओल शोषणारी गोळी. पावसाळ्यात कोकणातल्या उपकेंद्रावर ५० स्ट्रिपची बाटली टोपण सैल ठेवून महिनाभर वापरली, तर कारखान्यातली सारी मेहनत वाया. आमच्या मते कमी रुग्ण असलेल्या केंद्रांना २५ ची बाटली किंवा सुटी पाकिटे द्यावीत, दर थोडा जास्त पडला तरी.

विदर्भाचा प्रश्न उन्हाचा. बऱ्याच स्ट्रिप ३० अंशांपर्यंत साठवायच्या असतात आणि मीटर सुमारे ४० अंशांपर्यंत चालतो. एन्झाइमचा वेग तापमानाने बदलतो. मीटर त्याची दुरुस्ती करतो, पण आपल्या पोटातला सेन्सर पाहून. दुचाकीच्या डिकीत तापलेला मीटर गार खोलीत आणून लगेच वापरला तर तो चुकीची दुरुस्ती करतो. वीस मिनिटे बाहेर ठेवणे हा साधा उपाय आहे, पण प्रशिक्षणाच्या पत्रकात तो हवा. (आणि एक: गूळ किंवा फळ हाताळलेले बोट न धुता टोचले तर मधुमेह नसलेल्यालाही २०० दिसू शकतात. स्पिरिटच्या बोळ्याने साखर नीट निघत नाही, पाण्याने निघते.)

आता मागणी. महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाच्या पुढच्या निविदेत स्ट्रिपची हेमॅटोक्रिट मर्यादा किमान २० ते ६० अशी आकड्यांत लिहावी आणि त्या मर्यादेतल्या चाचणीची मूळ आकडेवारी मागावी. आकडा प्लाझ्माच्या मापात असल्याचे लेखी घ्यावे, कारण अख्ख्या रक्ताचे आणि प्लाझ्माचे माप यांत ११ टक्क्यांचा फरक असतो. पीक्यूक्यू या सहघटकावर चालणारे डिहायड्रोजिनेज नाकारावे. ते माल्टोजलाही ग्लुकोज समजते. पोटातून डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांत (डायलिसिसच्या काही द्रवांमुळे त्यांच्या रक्तात माल्टोज येते) यामुळे मृत्यू झाल्याचे सांगून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्येच इशारा दिला होता.

आणि प्रत्येक लॉट वाटपाआधी तपासावा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या जीवरसायन विभागात हे एका तंत्रज्ञाचे अर्ध्या-पाऊण दिवसाचे काम आहे. हेपरिनमधले (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यातले) शिरेचे रक्त सेंट्रिफ्यूज करायचे, प्लाझ्मा काढून किंवा घालून २०, ४२ आणि ६० असे तीन हेमॅटोक्रिट तयार करायचे. त्या प्रत्येकात ग्लुकोज मिसळून ५०, १४० आणि ३०० च्या जवळ तीन पातळ्या आणायच्या. नऊ नळ्या, प्रत्येक नळीमागे वेगवेगळ्या बाटल्यांतल्या दहा स्ट्रिप, म्हणजे लॉटमागे ९० स्ट्रिप. खरे मूल्य प्रयोगशाळेतल्या हेक्झोकायनेज पद्धतीने, आणि ते सुरुवातीला व शेवटी असे दोनदा घ्यायचे, कारण नळीतल्या पेशी तासाला ५ ते ७ टक्के ग्लुकोज खातात; हे विसरले तर दोष नसलेला लॉट नापास होतो. खालच्या पातळीसाठी रक्त रात्रभर ठेवून साखर आधी उतरू द्यावी. निकाल प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर लॉट क्रमांकासह टाकावेत.

दुसरी मागणी संशोधनाची आहे. ती आपल्या एकट्या खात्याची नाही, हे आम्हाला ठाऊक आहे, पण खरेदीदार म्हणून आपला शब्द सर्वांत वजनदार आहे. एन्झाइम इलेक्ट्रोडची कल्पना १९६२ ची, छापलेली स्ट्रिप बाजारात आली १९८७ मध्ये. तत्त्वात आता नवे थोडे उरले आहे. तरी आपल्याकडे अनुदान नव्या इलेक्ट्रोडला मिळते, एकसारख्या हजार इलेक्ट्रोडना मिळत नाही. प्रयोगशाळेत वीस छापून त्यातले चांगले पाच निवडता येतात आणि शोधनिबंध होतो. कारखान्यात निवड नसते. लॉटचा सरासरी कल ५ टक्क्यांनी चुकलेला असेल, तर १५ टक्क्यांच्या मर्यादेत राहायला स्ट्रिप-स्ट्रिपमधली तफावत साधारण ५ टक्क्यांच्या आत लागते. हाताने ओढलेल्या स्क्वीजीने ती येत नाही.

त्यासाठी लागते ती एक सामायिक छपाई रेषा: कॅमेऱ्याने जुळणी करणारा स्क्रीन प्रिंटर, तापमानाचे टप्पे असलेली भट्टी, थेंब सोडणारे यंत्र, लॅमिनेटर, कापणी यंत्र आणि २० टक्क्यांच्या खाली आर्द्रता राखणारी खोली. आमच्या अंदाजाने हे सगळे एका १.५ टेस्ला एमआरआय यंत्राच्या किमतीत बसते. माणसे आणि संस्था इथे आहेत. पुण्यात पाषाण रस्त्यावर सी-मेटची प्रयोगशाळा इलेक्ट्रॉनिक्सला लागणाऱ्या पदार्थांवर काम करते. आयआयटी मुंबईतले बेटिक हे वैद्यकीय उपकरणांवर काम करणारे केंद्र राज्याच्याच राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या निधीतून २०१४ मध्ये उभे राहिले. नाही ती रेषा, आणि ती चालवणारे पगारी छपाई तंत्रज्ञ. पीएचडीचा विद्यार्थी हे काम दोन वर्षे करतो, हात बसतो, आणि निघून जातो. तंत्रज्ञांची पदे कायम नसतील तर यंत्रे घेऊच नयेत.

रेषा फक्त स्ट्रिपसाठी नाही. ईसीजीचे इलेक्ट्रोड त्याच चांदीच्या शाईने छापतात. एमआरआयच्या ग्राही कॉइलही (शरीरातून येणारा सिग्नल पकडणारी वेटोळी) छापता येतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये लवचीक फिल्मवर छापलेल्या कॉइलने प्रतिमा काढून दाखवल्या. लहान मुलांना मोठ्यांसाठीची कडक कॉइल नीट बसत नाही, अंतर राहते आणि सिग्नल घटतो. छापलेली कॉइल दुपट्यासारखी गुंडाळता येते. अडचण शाईच्या रोधाची आहे. १.५ टेस्लाला कॉइल ६४ मेगाहर्ट्झवर चालते, तिथे तांब्यात प्रवाह मुख्यतः वरच्या ८ मायक्रॉनमध्ये वाहतो, पण छापलेल्या चांदीची वाहकता कमी, म्हणून थर त्याहून बराच जाड लागतो. तो एका फेरीत येत नाही, आणि दोन फेऱ्या म्हटल्या की पुन्हा फिल्मचे आकसणे आडवे येते.

नव्या स्ट्रिपच्या चाचणीसाठी वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार आधी चाचणीपुरते उत्पादन करण्याचा एमडी-१३ चा परवाना आणि मग कामगिरी मूल्यमापनासाठी एमडी-२५ ची परवानगी लागते. ही कागदपत्रे केंद्राकडे जातात. रुग्णांचे नमुने आणि नीतिशास्त्र समितीची मंजुरी मात्र राज्यातल्या रुग्णालयांतून येते. ॲनिमियाच्या गरोदर बायकांचे रक्त, योग्य संमतीने, ज्या महाविद्यालयांत तपासता येईल अशी तीन नावे आपल्या खात्याने जाहीर केली तरी संशोधकांचे कित्येक महिने वाचतील.

सध्याच्या साठ्यातल्या स्ट्रिपच्या घडीपत्रिका जिल्हानिहाय मागवून हेमॅटोक्रिटची ओळ तेवढी एका तक्त्यात भरून घ्यावी, ही विनंती. ज्या लॉटची खालची मर्यादा ३० किंवा त्याहून वर आहे, ते गरोदर स्त्रियांच्या तपासणीतून तूर्त बाजूला ठेवावेत आणि हिमोग्लोबिन १० च्या खाली असलेल्या बाईचा १४० च्या आसपासचा आकडा शिरेच्या रक्तावर पडताळून घ्यावा. यासाठी नवी निविदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते.

कळावे,

आपले,
मुद्रित इलेक्ट्रॉनिक्स आणि जैवसंवेदक या क्षेत्रांत काम करणारे अभियंते व तंत्रज्ञ