टोकियोच्या गाडीत बसण्याआधी

ती. आई-बाबा,
सा. न.

व्हिसा हातात आल्यापासून तुमचा रोज एकच प्रश्न असतो: तिथे गाडीत बोलायला बंदी आहे म्हणे, खरं का? फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगून गोंधळच होतो, म्हणून सगळं लिहून पाठवते. बाबा, प्रिंट काढून पासपोर्टच्या फाइलीत ठेवा.

बंदी नाही. गाडीत बोललात म्हणून कुणी दंड करत नाही. शाळेची मुलं खिदळतात, आणि शुक्रवारी रात्रीच्या शेवटच्या गाडीत पिऊन घरी निघालेली मंडळी चांगली तारस्वरात असतात. एरवी शांतता असते, कारण बहुतेक जण एकटे असतात, निम्मे झोपलेले असतात, आणि आपला आवाज शेजाऱ्यापर्यंत जाऊ नये हे त्यांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलंय. ‘जपानी माणूस जात्याच शिस्तीचा’ हे बाबांचं आवडतं वाक्य मला फारसं पटत नाही. टोकियोच्या भुयारी रेल्वेत १९७४ पासून दर महिन्याला शिष्टाचाराचं नवं पोस्टर लागतंय. विसरलेल्या छत्र्यांच्या पोस्टरवर एकदा सिनेनटी मॅरिलिन मन्रोलाही कामाला लावलं होतं. २००८ सालच्या पिवळ्या पोस्टरांवर गाडीत घरच्यासारखं वागणाऱ्यांची चित्रं होती आणि वर लिहिलं होतं, ‘हे घरी करा’. ज्यांना इतकं सांगावं लागतं ते आपल्यासारखेच असणार.

तुम्ही दोघं हळू आवाजात बोला, काही बिघडत नाही. फक्त बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि त्यामुळे दोघांचेही आवाज चढतात. म्हणून आई, तू नेहमी त्यांच्या उजव्या बाजूला बस. डब्याच्या दोन टोकांना उभं राहून ‘अहो, इकडे जागा आहे’ असं मात्र नको. हाताने खूण कर.

फोनचं प्रकरण जरा कडक आहे. फोन सायलेंटवर ठेवायचा आणि गाडीत उचलायचा नाही. तातडीचाच असेल तर तोंडावर हात धरून ‘गाडीत आहे, नंतर करतो’ एवढंच सांगून ठेवायचा, नाहीतर पुढच्या स्टेशनवर उतरून बोलायचं. चूक बहुतेक वेळा इथे होत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर होते. ग्रुपवर आलेला सुप्रभातचा व्हिडिओ उघडला की सनई सुरू होते आणि ती बंद कुठून करायची ते सापडत नाही. रिंगचा आवाज बंद केला तरी व्हिडिओचा आवाज वेगळा असतो, तोही शून्यावर आणा. राखीव आसनांजवळ गर्दी असेल तर फोन बंदच करावा अशी विनंती असते. पूर्वी पेसमेकरच्या काळजीने तिथे तो कायमच बंद ठेवायला सांगत, २०१५ पासून बऱ्याच कंपन्यांनी ते फक्त गर्दीच्या वेळेपुरतं ठेवलंय.

ही राखीव आसनं डब्याच्या टोकांना असतात. तुम्ही दोघंही सत्तरीच्या पुढचे आहात, तेव्हा संकोच न करता बसा. ती १९७३ साली वृद्धांच्या सन्मानदिनी सुरू झाली, तीही तुमच्याच वयाच्या लोकांसाठी. पण कुणी आपणहून उठेलच असं धरून चालू नका. पुष्कळ जण झोपलेले असतात, आणि काहींना भीती वाटते की जागा दिली तर समोरच्याला ‘मला म्हातारा समजलास’ असं वाटेल. कुणी उठलंच तर ‘नाही नाही, तुम्ही बसा’ करत बसू नका. मान किंचित लववून ‘अरिगातो गोझाइमास’ (आभारी आहे) म्हणा आणि बसा. बॅगेला पांढरा क्रॉस आणि पांढरं हृदय असलेली लाल पट्टी लावलेलं माणूस दिसलं तर ते तरुण असलं तरी जागा त्याची. कृत्रिम सांधा, हृदयविकार असे बाहेरून न दिसणारे त्रास असलेल्यांसाठी टोकियोच्या प्रशासनाने २०१२ मध्ये ही खूण काढली.

साध्या बाकावर दोन दारांमध्ये सात जण बसतात आणि प्रत्येकाच्या जागेचा खळगा केलेला असतो. डोंबिवली लोकलची चौथी सीट इथे नाही. ‘जरा सरकता का’ म्हटलं तर लोक सरकणार नाहीत, उठूनच जातील आणि तुम्हालाच कसंतरी होईल. पाय पसरू नका, पिशवी शेजारच्या जागेवर ठेवू नका. पाठीवरची सॅक डब्यात शिरण्याआधी काढून छातीशी धरा किंवा वरच्या फळीवर ठेवा. पाठीवरच राहिली की वळताना मागच्या माणसाला लागते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. ओली छत्री गुंडाळून, पट्टी लावून, पायाशी सरळ धरा.

आता चढण्या-उतरण्याचं. फलाटावर दार कुठे येणार त्याच्या खुणा असतात, तिथे दोन किंवा तीन रांगा लागतात. पिवळ्या उंचवट्यांच्या पट्टीवर उभं राहू नका. ती अंधांसाठी आहे, १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा बसवली. गाडी आली की रांग दाराच्या दोन्ही बाजूंना होते, आतले सगळे उतरतात, मग चढायचं. तुम्ही दारात उभे असाल आणि तुमचं स्टेशन आलं नसेल तर खाली फलाटावर उतरा, बाजूला उभे राहा, आणि परत आधी चढा. बाबांना हे जड जाईल, कारण उतरलं की जागा गेली असं आपल्याला वाटतं. इथे नवे चढणारे तुमच्यासाठी थांबतात. दार मिटायला लागलं की हात किंवा पिशवी मध्ये घालू नका. चुकामूक झालीच तर फलाटावर राहिलेल्याने जागचं हलू नये, आणि गाडीत असलेल्याने पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबून मला फोन करावा.

तुमच्यासाठी दोन आयसी कार्डं, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायची प्रवासाची कार्डं, घेणार आहे, एकेकाला एकेक. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, आणि एका पाकिटात दोन्ही ठेवली तर यंत्राला वाचता येत नाहीत. आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा उजव्या हाताकडच्या पाटीवर क्षणभर टेकवायचं. फाटक बंद होऊन आवाज आला तर पुढे रेटू नका, मागे व्हा. बहुधा पैसे कमी पडलेले असतात. शेजारी भाड्यातला फरक भरायचं यंत्र असतं, त्यात इंग्रजी आहे, नाहीतर कडेच्या खिडकीत माणूस असतो.

सकाळी साडेसात ते नऊ आपण निघायचंच नाही. आमच्या निशि-कासाई स्टेशनवरून जाणारी तोझाई लाइन गर्दीसाठी कुप्रसिद्ध आहे. त्या वेळी महिलांचा डबा असतो, आई त्यात जाईलही, पण मग बाबा दुसऱ्या डब्यात, आणि ती चुकामूक नको. साडेनऊनंतर निघू.

सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे, आणि दुसरी बाजू चालणाऱ्यांसाठी सोडतात. रेल्वेवाले मात्र चालूच नका म्हणतात. टोकियोशेजारच्या साइतामात २०२१ पासून आणि नागोयात २०२३ पासून थांबून उभं राहण्याचा नियमच आहे. तुम्ही कठडा धरून उभे राहा. गुडघा दुखत असेल त्या दिवशी लिफ्टच, जरा लांब पडली तरी.

बसमध्ये एक गोष्ट अगदी उलट आहे आणि ती तुमच्या वयाला महत्त्वाची आहे. आपल्याकडे थांबा यायच्या आधीच दाराशी जाऊन उभं राहावं लागतं. इथे बटण दाबायचं आणि बस पूर्ण थांबेपर्यंत बसून राहायचं. चालक थांबतो. चालत्या बसमध्ये उठलात तर ध्वनिक्षेपकावरून बसायला सांगतात, कारण वयस्कर लोक बसमध्ये पडतात ते बहुधा याच वेळी. टोकियो शहरातल्या बसमध्ये पुढून चढतात आणि चढतानाच पैसे देतात. क्योतोत बऱ्याच बसमध्ये मागून चढून पुढून उतरतात आणि पैसे उतरताना. भाड्याच्या पेटीत नाणी मोजून टाकायची असतात, तेव्हा सुटे आधी करून ठेवा, किंवा सरळ कार्ड टेकवा.

खाणं: शहरातल्या गाडीत पाणी चालेल, डबा नको. शिन्कान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, मात्र खुशाल खा, सगळेच खातात. आई, दशम्या, गुळपोळ्या आण, पण लसणाची चटणी उघडू नकोस, बंद डब्यात वास कोंडतो. कचऱ्यासाठी एक पिशवी पर्समध्ये ठेव. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन या विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर बऱ्याच स्टेशनांवरच्या कुंड्या काढल्या, शिन्कान्सेनमध्ये मात्र दोन डब्यांच्या मधल्या जागेत आहेत. फोनही तिथेच जाऊन घ्यायचा. आसन मागे करण्याआधी मागच्याकडे वळून मान लववा. क्योतोला जाताना मी उजवीकडची डी आणि ई आसनं घेते. आकाश मोकळं असेल तर पाऊण तासाने फुजी दिसेल, बाबा खिडकीशी. क्योतोला गाडी दीड-दोन मिनिटंच थांबते, त्यामुळे उतरण्याची घोषणा झाली की चपला, चष्मा, पिशव्या आवरून घ्या.

आता तुमचं एक काम. त्या गाडीत बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त झाली तर बॅग ठेवायच्या जागेसकट ठरावीक आसन आधी राखून घ्यावं लागतं. आधी घेतलं तर जादा पैसे नाहीत, न घेता चढलं तर हजार येन. मोठ्या निळ्या बॅगेची तिन्ही मापं चाकं आणि मूठ धरून मोजा आणि रविवारपर्यंत कळवा, म्हणजे त्याप्रमाणे तिकिटं काढते.

तुमची,
मनू