यंदा सहाच आळी

पुणे, २ फेब्रुवारी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बी काल पार्सलनं पाठवलं आहे. काकडी पूना खीरा, कारलं कोकण तारा, दोडका कोकण हरिता, दुधी सम्राट आणि भेंडी परभणी क्रांती. कोकण तारा आणि कोकण हरिता या दापोली कृषी विद्यापीठाच्या जाती आहेत, आपल्या जांभ्या मातीत नीट चालतात. बाबा, सगळी पाकिटं एकदम फोडू नका. सहा आळी पुरेत: काकडीची दोन, दोडक्याची दोन, कारल्याचं एक, दुधीचं एक. शिवाय भेंडीची वीस झाडांची एक ओळ. दोन माणसांना रोज ताजं मिळून शेजारी देण्याइतकं उरेल. यापेक्षा जास्त लावलं तर एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी पुरत नाही आणि तोडणी मागे पडते. तोडणी मागे पडली की वेल थांबतो.

आळं दीड फूट रुंद आणि फूटभर खोल. मातीत एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत हातात घेतल्यावर गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते अजून कच्चं आहे, त्यानं मुळं जळतात आणि हुमणीही (मुळं खाणारी पांढरी अळी) येते. काकडीचं बी चार-पाच तास भिजवा. कारलं, दोडका, दुधी यांच्या बियांची सालं जाड असतात, त्या रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि डोळा फुटला की लावा. एका आळ्यात चार बिया, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल. दोन पानं आली की जोमदार दोन ठेवा आणि बाकीची कात्रीनं मातीलगत कापा. उपटू नका, शेजारच्या रोपाचं मूळही हलतं आणि वेलवर्गाला ते सोसत नाही.

याच दोन पानांच्या वयात लाल भुंगे येतात आणि एका दिवसात पानांची चाळण करतात. सकाळी उन्हं वर यायच्या आधी ते सुस्त असतात, तेव्हा हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाका. पानांवर दव असताना चुलीची चाळलेली राख भुरभुरा. हे पंधरा दिवस सांभाळले की पुढे वेल त्यांना पुरून उरतो.

आता पाणी. जांभ्या मातीत पाणी टिकत नाही, म्हणून एकदम बादली ओतण्यात अर्थ नाही. प्रत्येक आळ्याच्या मधोमध आठ-दहा लिटरचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा. मडकं बिनरंगाचं हवं. रंगवलेलं किंवा झिलई दिलेलं पाझरत नाही. पाइपनं भरलं की दोन-तीन दिवस मुळांशी हळूहळू ओल राहते, वाकावं लागत नाही आणि कळशी उचलावी लागत नाही. तोंडावर झाकणी ठेवाच, नाहीतर डास अंडी घालतात. आळ्यात सुका पाला चार बोटं जाड पसरा, पण खोडाला टेकू देऊ नका, खोड कुजतं. एप्रिल-मे मध्ये मडक्यातल्या पाण्याखेरीज रोज संध्याकाळी अर्धी बादली वरून लागेल. दुपारी पानं माना टाकतात, ते पाहून लगेच पाणी घालू नका. संध्याकाळी ताठ झाली तर वेल ठीक आहे. सकाळीही मान खाली असेल तर मात्र मूळ तहानलेलं आहे किंवा कुजतं आहे, तेव्हा माती बोटानं उकरून बघा.

मांडव आईच्या खांद्याएवढाच घाला. उंच मांडव दिसायला छान, पण फळ काढायला स्टूल लागतं. स्टुलावर दोघांपैकी कोणीही चढायचं नाही, ही माझी एकच सक्त अट आहे.

पहिले आठ-दहा दिवस फुलं येतील आणि गळून जातील. घाबरू नका, ती नर फुलं असतात. मादी फुलाच्या मागे बोटाच्या नखाएवढी काकडी किंवा दुधी आधीच असतो. ती पिवळी पडून गळायला लागली तर परागीभवन होत नाहीये असं समजा. मग हातानं करा: ताजं नर फूल तोडा, पाकळ्या सोला आणि आतला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. काकडीचं हे काम सकाळी नऊच्या आत. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांचं तेव्हाच.

कोवळ्या फळावर टाचणीएवढा डाग आणि त्यातून डिंकासारखा थेंब दिसला, की फळमाशीनं अंडी घातली. ते फळ वाकडं होतं, आतून सडतं. असं फळ उकिरड्यावर टाकलं तर अळ्या मातीत उतरून पुन्हा माश्या होतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा, मग फेका. चांगल्या फळांना बोटाएवढी असतानाच वर्तमानपत्राच्या कागदाची पिशवी घाला. भेंडीत एखाद्या झाडाच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो हळद्या रोग. परभणी क्रांतीत तो कमी येतो, पण आलाच तर ते झाड त्याच दिवशी उपटा. पांढरी माशी तो पुढच्या झाडावर नेते.

काढणीत दया करू नका. काकडी वीतभर झाली की तोडा. एक जरी काकडी पिवळी होईपर्यंत वेलावर राहिली, तर वेलाची ताकद तिच्या बियांत जाते आणि नवी फळं कमी येतात. भेंडी दिवसाआड. टोक ‘कट्’ आवाजानं मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. दुधीत नख सहज रुतलं पाहिजे. कारल्याच्या गाठी दाट असताना तोडा, त्या सपाट व्हायला लागल्या की आतलं बी पिकू लागलेलं असतं.

कडू फळांबद्दल जरा नीट वाचा. पाण्याची ओढ आणि कडक ऊन यांनी काकडीत कडवटपणा वाढतो. तो बहुतेक देठाकडे आणि सालीत असतो. टोक कापून घासल्यानं कडू निघून जात नाही, देठाकडचा दोन बोटं भाग कापला म्हणून कमी लागतं. साल काढून, देठाची चकती चाखून मगच पुढे जा. दुधीची गोष्ट वेगळी आहे. कापल्याबरोबर जिभेच्या टोकावर एक कण ठेवा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी टाका. कडू दुधीनं उलट्या, जुलाब, पोटात रक्तस्रावापर्यंत गोष्ट जाते आणि शिजवल्यानं ते विष मरत नाही. बाबा, सकाळी दुधीचा रस घेता, त्यासाठी हे खास लिहिते. ‘औषध आहे, कडू असणारच’ असं म्हणून प्यायचा नाही. कारल्याचा कडूपणा वेगळा, त्यात भीती नाही.

आता स्वयंपाकघर. आई, तुला मी काय शिकवणार, पण दोन गोष्टी प्रमाणासकट लिहून ठेवते, कारण बाबांचं बीपी.

लोणच्यात मीठ कमी घालून बघू नकोस. एक किलो कैरीच्या फोडींना दोनशे ग्रॅम मीठ लागतं, कारण मीठच लोणचं टिकवतं. शंभर ग्रॅमवर आणलं तर पहिल्या पावसात बुरशी येते. बाबांनी लोणचं कमी खायचं, तू लोणच्यात मीठ कमी करायचं नाही. एका किलोला बाकीचं असं: मोहरीची डाळ शंभर ग्रॅम, तिखट साठ ग्रॅम, तळून कुटलेली मेथी आणि हिंग एकेक मोठा चमचा, हळद दोन चमचे, तेल तीनशे मिली. कैऱ्या धुऊन, पुसून, सावलीत फडक्यावर तीन तास ठेवायच्या. कोय कडक झालेल्याच घे. कोवळीची फोड महिन्याभरात लिबलिबीत होते. तेल धूर येईपर्यंत तापवून पूर्ण गार करूनच ओत. गरम तेलानं फोड शिजते आणि मोहरी कडवट होते. तिसऱ्या दिवशी फोडींच्या वर बोटभर तेल दिसलं पाहिजे, नसेल तर आणखी तापवून गार केलेलं घाल.

बाबांच्या पानात त्याऐवजी तक्कू. किसलेली कैरी एक वाटी, किसलेला कांदा अर्धी वाटी, चिरलेला गूळ दोन चमचे, तिखट अर्धा चमचा, वर मोहरी-हिंग-मेथीची फोडणी. गूळ आणि कैरीनं चव भरते, मीठ चिमूटभर पुरतं. दोन दिवस फ्रिजमध्ये राहतो, त्याहून जास्त करू नकोस.

रातांबे (कोकमाची फळं) मेमध्ये पिकतील. बाबांसाठी एक किलोची सोलं बिनमिठाची वेगळी सुकव. सालं अर्धी करून, बिया आणि गर वेगळा काढून, सालांना त्याच गराच्या रसाचं पुट रोज द्यायचं आणि चार-पाच उन्हं दाखवायची. मीठ नसल्यानं ती पावसाळ्यात बाहेर टिकणार नाहीत, काचेच्या बरणीत फ्रिजमध्येच ठेव. पाहुण्यांसाठी अमृत कोकम हवं असेल तर एक किलो सालांना दोन किलो साखर, चिनीमातीच्या बरणीत थर देऊन सात दिवस उन्हात, रोज लाकडी डावानं ढवळून, मग गाळून. पितळेचं किंवा ॲल्युमिनिअमचं भांडं कोकमाला अजिबात नको, आंबटानं धातू उतरतो.

भेंडी चिकट होते ती पाण्यामुळे. अख्खी धुऊन, पुसून, कोरडी झाल्यावर चिर, झाकण ठेवू नकोस, एक आमसूल (तेही बिनमिठाचं) टाक आणि मीठ शेवटी. दोडक्याच्या शिरा फेकू नकोस. थोड्या तेलावर कुरकुरीत परतून तीळ, सुकं खोबरं आणि लसूण घालून चटणी होते.

आणि एखादी काकडी पानाखाली लपून हातभर होईलच. तिचं धोंडस कर. तिकडे गोव्यात यालाच तवसाळी म्हणतात. काकडी उभी चिरून मऊ बिया खरवडून टाक, किसून दोन वाट्या कीस घे आणि सुटलेलं पाणी त्यातच राहू दे. एक वाटी तांदळाचा रवा चमचाभर तुपावर मंद आंचेवर परत. रवा रंग बदलत नाही, पण भाजल्या तांदळाचा वास येतो आणि डाव फिरवताना तो वाळूसारखा सुटा सळसळतो, तिथे थांब. त्यात कीस, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ. वरून पाणी घालायचं नाही. तासभर झाकून ठेवलं की रवा काकडीचं पाणी पितो आणि पीठ डावावरून जाडसर गोळ्यानं पडतं. धारेनं पडलं तर मधे कच्चं राहील, दोन चमचे रवा आणखी घाल. जाड बुडाच्या तूप लावलेल्या पातेल्यात, तव्यावर ठेवून, मंद आंचेवर चाळीस मिनिटं. झाकणावर करवंटीचे निखारे ठेवलेस तर वरूनही तांबूस होतं. सुरी कोरडी निघाली तरी गरम कापू नकोस, भुगा होतो. पूर्ण गार झाल्यावर वड्या नीट पडतात.

आंबे उतरवायला गड्यालाच सांगा. झेल्यानं (काठीला जाळी लावलेल्या), बोटाच्या पेराएवढ्या देठासकट. देठ तुटला की चीक सालीवर उतरून काळे डाग पडतात. उतरवलेला हापूस तापल्या जमिनीवर ठेवू नका, तापलेल्या जमिनीनं साका वाढतो, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा होतो. सावलीत, गवताच्या अढीत, देठ खाली.

कुंभाराकडून सहा मडकी या आठवड्यातच आणून घ्या. बी लावायला पंधरा फेब्रुवारीच्या पुढे जाऊ नका, उशिराची काकडी मेच्या उन्हात सापडते. भेंडीचं उरलेलं बी डब्यात राखेत ठेवा, जूनमध्ये पुन्हा लावता येईल. रविवारी सकाळी फोन करते, तेव्हा आळी कुठे काढलीत ते सांगा. विहिरीपासून पाइप पोचतो का ते मला आधी बघायचं आहे.

तुमची,
लेक