तात्या, तुम्ही मला पहाटे बोलावलंत म्हणून

आदरणीय तात्या,
सादर नमस्कार.

समोर आभार मानले असते तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहितेय.

तुम्ही सचिव असलेल्या दूध संस्थेच्या सॉफ्टवेअरसाठी मी पहिल्यांदा आले ती भर दुपारी. केंद्र रिकामं, तुम्ही निवांत. तासाभरात माझी वही भरली. सभासद नंबर टाकायचा, काट्यावरून लिटर घ्यायचे, यंत्रावरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दरपत्रकातून दर, मग पावती. दहा दिवसांनी बिल, त्यातून पशुखाद्याची आणि उचलीची कपात. सॉफ्टवेअरने काय काय करायचं, त्याची ही यादी. आम्ही तिला फंक्शनल रिक्वायरमेंट्स म्हणतो. मला वाटलं, झालं काम. वही बंद करताना तुम्ही म्हणालात, "पोरी, उद्या पहाटे ये."

पहाटे रांग रस्त्यापर्यंत होती. एका आजींनी पावती डोळ्यांपाशी नेली, मग फॅटचा आकडा तुमच्याकडून वाचून घेतला. दुधाने ओले झालेले हात कीबोर्डवर पडत होते. तेवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टरवर काटा आणि फॅटचं यंत्र चालू राहिले, पण नेट गेलं आणि माझ्या लॅपटॉपवरचा सॉफ्टवेअरचा नमुना जागीच अडकला. रांग थांबली नाही. तुम्ही वही उघडलीत आणि पेनाने आकडे लिहायला लागलात.

नेट नसताना चालणं, लाइट गेली तरी नोंद न हरवणं, अक्षर वाचता येणं, वेग या सगळ्या नॉन-फंक्शनल रिक्वायरमेंट्स. सॉफ्टवेअरने काम कसं करावं, हे त्या सांगतात. आदल्या दुपारी तुम्ही त्यातलं काहीच बोलला नव्हतात, कारण रोजच्या जगण्यातल्या या गोष्टी कुणी मागणी म्हणून सांगत नाही. त्या विचारून मिळत नाहीत, तिथे उभं राहावं लागतं.

मी वहीत लिहिलं, 'पावती पटकन निघावी.' तुम्ही विचारलंत, "पटकन म्हणजे किती?" मग आपण हिशेब मांडला. 120 सभासद, टँकर यायला दीड तास, म्हणजे माणशी 45 सेकंद. त्यातले बहुतेक यंत्राने फॅट दाखवेपर्यंतच जातात. सॉफ्टवेअरच्या वाट्याला उरले दोन सेकंद. 'पटकन' तपासता येत नाही, दोन सेकंद तपासता येतात. तुमचं ते "म्हणजे किती?" मी आजही प्रत्येक नव्या कामात विचारते.

दराची गोष्ट मात्र सर्वांत मोलाची. सोय म्हणून मी पडद्यावर दर बदलायची जागा ठेवली होती. तुम्ही ती लगेच काढायला लावलीत. "दर दूध संघ ठरवतो. गाईला 3.5 फॅट, 8.5 एसएनएफ धरून पत्रक येतं, आपण ते फक्त लावायचं. माझ्या हातात बटण दिलंस तर उद्या कुणीही म्हणेल, सचिवाने दर फिरवला." बंधन, म्हणजे कन्स्ट्रेंट, यापेक्षा स्पष्ट मला कुणी समजावलं नव्हतं. संस्थेला सॉफ्टवेअर मुळात कशाला हवं होतं, तेही त्यातच कळलं. बिलाच्या दिवशी कुणाच्या मनात शंका राहू नये म्हणून.

कपातीचा भाग आम्ही आधीच्या एका संस्थेच्या कामातून तसाच उचलला होता, तोही तुम्हीच पकडलात. तिथे पूर्ण बिल कापलं तरी चालत होतं, तुमच्याकडे घरखर्चापुरते पैसे सभासदाच्या हातात पडलेच पाहिजेत असा ठराव आहे. पुढे एरियान 5 रॉकेटबद्दल वाचताना मला हेच आठवलं. 4 जून 1996 च्या पहिल्याच उड्डाणात ते चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झालं. एरियान 4 मधून आणलेला आज्ञावलीचा एक भाग उड्डाणानंतरही चालू राहिला होता. एरियान 5 ला तेव्हा त्याची गरजच नव्हती. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, तो आकडा त्याच्यासाठी ठेवलेल्या 16 बिटांच्या जागेत मावला नाही. जुन्या रॉकेटची ही गरज नव्यालाही आहे का, हे कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही मात्र आम्हाला थांबवून विचारलंत, "हे आमचं आहे का?"

नवी आवृत्ती तयार आहे. आजींसाठी पावतीवर फॅटचा आकडा ठळक केलाय. नेट नसलं तरी नोंद होते. पुढच्या आठवड्यात घेऊन येतेय, दुपारी नाही, पहिली किटली काट्यावर यायच्या आधी.

आपली नम्र,
पुण्याची सॉफ्टवेअरवाली पोर