गुलाबी की पांढरा

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू तीनदा "हो आई, कळलं" म्हणालास. तीनदा म्हणालास की काहीही कळलेलं नसतं, हे तू पाढे पाठ करायचास तेव्हापासून मला ठाऊक आहे. पुढे गाडी वैतरणेच्या पुलावर गेली आणि फोनच कटला. म्हणून लिहितेय. बाबा शनिवारी बोईसरला येतायत, त्यांच्याकडे देईन.

गॅस क्रोमॅटोग्राफवर तुझ्या डायइथिलअमाइनच्या पीकला, म्हणजे आलेखातल्या शिखराला, शेपूट येतंय आणि तू फेज, म्हणजे कॉलमच्या नळीतल्या दाण्यांवरचा थर, बदलायला निघालास. आत्ताच्या फेजने, कार्बोवॅक्सने, काय घोडं मारलंय तुझं? आधी हेक्सेन टोच. त्यालाही शेपूट आलं तर फिटिंग बघ, कुठेतरी पोकळी राहिली असेल. हेक्सेन सरळ आलं आणि अमाइनच रेंगाळलं, तर अमाइनचं प्रमाण अर्धं कर, मग पाव कर. जसजसं कमी टोचशील तसतसं शेपूट जास्त दिसलं आणि पीक उशिरा यायला लागला, की समजायचं वाटेत कुणीतरी त्याला धरून ठेवतंय. बहुतेक वेळा तो सपोर्टच असतो, म्हणजे फेज ज्यावर चढवतात ते दाणे.

पुस्तकात सपोर्टची व्याख्या एका ओळीत उरकतात: निष्क्रिय, सच्छिद्र, फेजला धरून ठेवणारा. यातला पहिला शब्द तेवढा खोटा. डायाटम म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, आपल्या गिरगाव चौपाटीच्या पाण्यातही असतात. त्यांच्या सिलिकाच्या कवचांचे लाखो वर्षांचे थर खणून ही माती काढतात आणि ९०० अंशांच्या वर भाजतात. नुसती भाजली की आतल्या लोखंडाच्या ऑक्साइडने ती विटेसारखी गुलाबी होते, तो क्रोमोसॉर्ब नावाच्या सपोर्टचा पी प्रकार. भाजताना सोडियम कार्बोनेट घातलं की लोखंडाचा रंग जातो आणि पांढरा डब्ल्यू मिळतो. पण दोन्हींच्या अंगावर सिलॅनॉलचे, म्हणजे सिलिकावरच्या ओएच गटांचे, हात उरतातच, आणि अमाइन दिसलं की ते हात घट्ट धरतात.

तुझे साहेब पी मागवा म्हणतात, कारण तो मजबूत आहे आणि ३० टक्क्यांपर्यंत फेज पेलतो. हायड्रोकार्बनसाठी खुशाल मागवावा. पण त्याचं पृष्ठफळ ग्रॅमला सुमारे ४ चौरस मीटर, डब्ल्यूचं सुमारे १. म्हणजे अमाइनला धरायला चौपट जागा. तुझ्या कामाला तो नको.

जी नावाचा तिसराही असतो, जड आणि टणक. त्यावर ५ टक्केच फेज चढते म्हणून लोक नाक मुरडतात. टक्केवारीला फसू नकोस. तुझ्या २ मीटरच्या, आतून २ मिलिमीटरच्या कॉलममध्ये डब्ल्यू जेमतेम दीड ग्रॅम मावतो, जी साडेतीन ग्रॅमच्या वर. जी-वरचे ५ टक्के म्हणजे डब्ल्यू-वरचे १२. कॉलममध्ये फेज किती गेली ते मोज, बाटलीवर काय छापलंय ते नव्हे.

आता उपाय. सिलॅनॉलला डीएमसीएस नावाच्या रसायनाची टोपी घालतात, अल्कोहोल वगैरेंना तेवढं पुरतं. अमाइनला सहसा नाही पुरत. त्याला साधा आम्लाने धुतलेला डब्ल्यू घे, ८०/१०० मेश चाळणीचा, त्यावर आधी २ टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) चढव आणि मग कार्बोवॅक्स. केओएच घालायचंच असेल तर टोपीवाला सपोर्ट नको, अल्कली ती टोपी उतरवतं. पॉलिएस्टर फेजही नको, तिचेही तुकडे पडतील. ही युक्ती काही माझी नाही. १९५२ मध्ये जेम्स आणि मार्टिन या लंडनच्या शास्त्रज्ञांनी गॅस-लिक्विड क्रोमॅटोग्राफीचं काम छापलं, त्यातही फॅटी आम्लं नीट यावीत म्हणून सिलिकोनमध्ये स्टिअरिक आम्ल घातलं होतं. आम्लाला आम्ल, अमाइनला अल्कली. हे सगळं नको असेल तर क्रोमोसॉर्ब १०३ बघ, तो पॉलिमरच आहे, त्यावर फेज चढवावीच लागत नाही.

कोटिंग करताना मात्र तुझा हात आवर. मेथॅनॉलमध्ये केओएच विरघळवून त्यात सपोर्ट भिजव, पण काचेच्या कांडीने ढवळू नकोस. भिजलेले पोहे उलथन्याने ढवळले की लगदा होतो ना, तसंच. डब्ल्यूचा दाणा तर पोह्यांहून नाजूक. फुटला की भुगा होतो, प्रेशर चढतं, आणि फुटलेली नवी बाजू नागडी असते, तिथे ना केओएच ना फेज. बशीत पसरून, हलवत हलवत सुकव आणि परत चाळ. हे काम जुलैत काढलंस तर डेसिकेटरमधली ओलावा शोषणारी निळी सिलिका रोज बघ. आमच्याकडे पावसात ती दोन दिवसांत गुलाबी व्हायची.

माझी फजिती तुला कधी सांगितली नव्हती. अंधेरी एमआयडीसीत नोकरीला लागून सहा महिने झाले होते. असंच अमाइन, असंच शेपूट. मी दोनदा नवं पॅकिंग केलं, दोनदा रात्रभर तापवून कंडिशनिंग केलं, शेपूट जागच्या जागी. सपोर्ट खराब आलाय असं म्हणून परचेसवाल्यांशी भांडलेसुद्धा. शेवटी आमच्या लॅबमधल्या म्हाताऱ्या ऑपरेटर काकांनी कॉलमच्या तोंडातला ग्लास वूलचा बोळा चिमट्याने ओढून माझ्या हातावर ठेवला. "बाई, हे कुणी धुतलं?" कुणीच नव्हतं धुतलं. साध्या काचेची लोकर, सपोर्टसारखेच सिलॅनॉलचे हात, आणि सॅम्पल आधी तिलाच भेटणार. परचेसवाल्यांना मी चहा पाजला, कारण मात्र सांगितलं नाही.

तेव्हा तूही आधी बोळा बघ. मग कॉलम कशाचा आहे ते बघ, स्टीलही अमाइनला धरतं, काचेचा मिळाला तर उत्तम. आणि पॅकिंग सगळ्यात शेवटी. दाणे न भरलेला बारीक कॅपिलरी कॉलम का नाही, हे मला विचारू नकोस. तुमची मेथड पॅक्ड, म्हणजे दाणे भरलेल्या, कॉलमवर मंजूर आहे, ती बदलायची तर वॅलिडेशन परत, आणि ते तुझ्या साहेबांना परवडणार नाही.

नवा कॉलम रात्रभर तापवशील तेव्हा डिटेक्टरकडचं टोक मोकळं ठेव. विसरशील म्हणून लिहिलं.

पुढच्या रविवारी येशील तेव्हा क्रोमॅटोग्रामच्या प्रिंट आण. सगळ्या आण, चांगल्या तेवढ्या निवडून नकोत.

तुझी,
आई