पंप रिंगणाच्या आत ठेव

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फाल्गुनीने मला फोन केला म्हणून तिच्यावर रागावू नकोस. आतून कडी, खोलीभर लोबानचा धूर, तुला दम लागलेला, आणि ती दार बडवत असताना तू आतून म्हणत होतीस, ‘थांब, अजून बंद व्हायचंय.’ सांगताना पोरीला रडू आवरत नव्हतं. मी बोलायला लागले तर तू म्हणालीस, ‘आई, तुला माझं हे विक्का पटत नाही, म्हणून तू दम्याचं नाव पुढे करतेस.’ तसं नाही गं. म्हणून हे पत्र. दम्याबद्दल एकदाच लिहीन आणि थांबेन.

आधी पटण्याचं. गणपतीत तू ओट्याला टेकून मला विक्काचं, म्हणजे स्वतःला चेटकीण म्हणवणाऱ्यांच्या त्या इंग्लंडातल्या पंथाचं, सगळं सांगितलंस, तेव्हा मी मोदक वळत होते तरी कान तुझ्याकडेच होते. नऊ फुटांचं रिंगण. मिठाचं पाणी शिंपडून जागा शुद्ध करायची. पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी, असं एकेकाला बोलवत उजवीकडून फिरायचं. आणि दक्षिण गोलार्धातली बरीच माणसं उलटं फिरतात, कारण तिथे सूर्य उत्तरेच्या बाजूने जातो. इंग्लंडात जादूटोण्याविरुद्धचा जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनरने पुस्तक छापून हे सगळं उघडपणे मांडलं, हेही तूच सांगितलंस. मला त्यात परकं फार थोडं वाटलं. पश्चिमेला वरुण आपलाही आहेच. नाना पूजेला बसले की ‘अपसर्पन्तु’ म्हणत दाही दिशांना अक्षता टाकायचे, दिग्बंधन करायचे, मगच संकल्प. आत बसायचं तर आधी आपली जागा आखून घ्यायची, हे आपल्या घरात कुणाला नवीन आहे?

आणि तुझं पूर्ण करणं मला आवडतं, हे मनापासून सांगते. ज्यांना बोलावलं त्यांचे आभार मानायचे, एकेकाला निरोप द्यायचा, मग डावीकडून फिरत रिंगण सोडायचं, नंतर काहीतरी खायचं म्हणजे माणूस जमिनीवर येतो. आपली उत्तरपूजा वेगळी काय असते? अक्षता वाहून नाना मूर्ती किंचित उत्तरेकडे सरकवायचे, बोटभरच, आणि तेवढ्यानेच गणपती गेल्यासारखे वाटायचे. तू लहानपणी दरवर्षी तिथेच रडायचीस. अर्धवट सोडायचं नाही हे तू त्यांच्याकडूनच घेतलंस, असं मला वाटतं. बाबांना हे सांगितलं तर ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘ती नीट करते, हे बरं आहे.’

पण मनू, पंप कुठे होता? फाल्गुनी म्हणाली, पलंगावर, म्हणजे रिंगणाच्या बाहेर. मधेच बाहेर पडायचं तर सुरीने हवेत दार कापायचं, बाहेर जायचं, परत येऊन ते मिटवायचं, असा तुमचा नियम आहे ना? दम लागला असताना दार कापत बसू नकोस. उठ आणि पंप घे. तुझ्याच तोंडचं ऐकलं होतं मी, रिंगण आतल्याच्या रक्षणासाठी असतं. आत बसलेलीचा जीव घुसमटत असेल तर ते रक्षण कसलं?

तू तीन-चार वर्षांची असशील. रामबागेतल्या त्या घरात पावसाळा लागला की भिंतींना ओल यायची आणि रात्री तुझी छाती वाजायला लागायची. मी तुला मांडीवर पुढे वाकवून बसवायचे, तुझी पाठ माझ्या पोटाला. प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा तो खळगा आत ओढला जायचा. मी नर्स, रोज वॉर्डात असली मुलं बघणारी; पण माझ्या मांडीवर तू असलीस की हात थरथरायचे. तो खळगा मला अजून दिसतो. तू पोटात ठेवून सगळं हसून सांगतेस आणि मी फोनवर तुझा श्वास ऐकत असते.

तर हे कर. धूप, लोबान, उदबत्ती, काही नको. धुराने श्वासनलिका आवळतात, त्याला श्रद्धेचं काही कळत नाही. वायूसाठी एखादं पीस ठेव, नाहीतर खिडकी उघड, वायू तसाही येतो. पंप रिंगणाच्या आत, उजव्या हाताशी, पहिली मेणबत्ती लावायच्या आधी ठेव. मेणबत्ती पाणी भरलेल्या ताटलीत, ओढणीपासून आणि पडद्यापासून लांब. दाराला कडी नको. रोज घ्यायचा जो पंप आहे तो बरं वाटत असतानाही घ्यायचा असतो आणि नंतर चूळ भरायची. तू तो सोडलायस, मला माहीत आहे. झालं. बघ, लेक्चर झालंच. माफ कर. पण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आणखी एक. झाबुआला मी नोकरीत असताना एका बाईला वॉर्डात आणलं होतं. गावात दोन बैलं मेली, आणि लोकांनी तिला डाकण, म्हणजे चेटकीण, ठरवलं. तिच्या डोक्याला टाके घालताना मी होते. तिला कुणी विचारलं नव्हतं. तू हे नाव स्वतःच्या खुशीने घेतलंस, त्यासाठी फतेहगंजमध्ये तुझी स्वतःची खोली आहे, दार आहे, कॉलेज आहे. त्या बाईकडे यातलं काहीच नव्हतं. एवढं लक्षात ठेव आणि घरमालकिणीला विनाकारण सांगत सुटू नकोस. लाज वाटते म्हणून नाही गं, मी घाबरते म्हणून.

तुझ्या चित्रांतली ती काळी, मोठ्या डोळ्यांची बाई बाबांनी हॉलमध्ये लावली आहे. आल्यागेल्याला दाखवतात. सुनंदामावशीने ‘ही कोण?’ विचारलं तर म्हणाले, ‘मनूने काढली आहे,’ आणि गप्प बसले.

बाबांनी विचारायला सांगितलंय की खोली दहा बाय दहा असेल तर नऊ फुटांचं रिंगण पलंग न हलवता कसं बसतं. सुतळीला साडेचार फुटांवर गाठ मार, एक टोक मधोमध धर आणि खडूने फिरव, वर्तुळ चुकणार नाही म्हणतात. त्यांना पलंग उभा करून ठेवायची काहीतरी युक्ती सुचली आहे. पुढच्या आठवड्यात रात्रीच्या गाडीने येऊन बघू का, असं विचारतायत. मीही येईन म्हणते, पण तुझी परवानगी असली तरच. दिवाळीच्या सुमाराला तुमचाही मोठा दिवस असतो ना, ३१ ऑक्टोबरचा? तो कसा करायचा ते आधी कळव, मी त्या दिवशी फोन करणार नाही.

नवा पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची ती नळी, कुरिअरने पाठवलाय. मिळाला की फाल्गुनीलाही कुठे ठेवलाय ते दाखव.

तुझी,
आई